जावयाला हात लावायचा नाही

"मी आज जावयाला हात लावला," माझी मोठी जाऊ ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. तिचा चेहरा असा उतरला होता की मी कांदा तसाच ठेवून सुरी बाजूला केली.

आमच्या दोघींच्या खोल्या समोरासमोर आणि स्वयंपाकघर मध्ये, सामाईक. त्यामुळे तिकडच्या खोलीत पाठीखाली फळी घेऊन पडलेल्या भावोजींना, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही ते ऐकू गेलं. कित्येक दिवस दोघांनी धरल्याशिवाय न उठणारा हा माणूस आपला आपण ताडकन उठून बसला.

"जावयावर हात टाकलास? अगं, शुद्धीवर आहेस ना? आला कधी तो?"

"तो नाही हो. शेतावरचा."

"शेतावर कसला आलाय जावई?"

 जाऊबाई स्टुलावर बसली आणि आपल्याच हातांकडे ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी बघत राहिली. मग मीच भावोजींना काय ते सांगितलं. "तण उपटलं एवढंच ना? मला वाटलं काय!" असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले. त्यांना काहीही कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

आम्ही दोघी हंगामात ज्या शेतावर जातो, ते पीक विकणारं शेत नाही. कंपन्या आपली नवी बियाणी, खतं, औषधं तिथं पाठवतात आणि शेतवाले ठेका घेऊन त्यांची परीक्षा करतात. या औषधानं तण मरतं का, त्या औषधानं जास्त मरतं का, मरता मरता पीकही भाजतं का. सगळं शेत वाफ्यांत कापलेलं, प्रत्येक वाफ्याला खुंटी आणि खुंटीवर आकडा. कुठल्या वाफ्यात काय घातलंय ते आम्हाला कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मी शेत बघणाऱ्या मॅडमना विचारलं होतं, एवढं टपोरं पीक येतं ते जातं कुठे? तर म्हणे, तोलून झालं की नांगराखाली. मला ते पुष्कळ दिवस पचलं नाही. जाऊबाईनं मात्र "त्यांचं ते बघतील" म्हणून निळा कोट चढवला आणि कामाला लागली.

आता औषधानं तण मरतं हे दाखवायचं, तर औषध न घातलेला एक वाफा शेजारी हवाच. नाहीतर कशाच्या तुलनेत मेलं म्हणणार? म्हणून मधूनमधून असे काही वाफे सोडून देतात. त्यांना फवारणी नाही, खुरपणी नाही, काही नाही. आजूबाजूचे वाफे शिस्तीत उभे आणि हा आपला मध्येच हवा तसा पसरलेला, पिकापेक्षा तणच जास्त. पाणी मात्र वेळच्या वेळी. वर मॅडमची सक्त ताकीद की याला कुणी हात लावायचा नाही. "म्हणजे जावईच की हा," असं आमच्यातलीच कुणीतरी म्हणाली आणि ते नाव चिकटलं. मॅडमकडे त्याचं नाव काहीतरी वेगळं असणार. आमच्यात मात्र जावयाच्या पलीकडे बस, जावयावर पाय देऊ नकोस, थोरल्या जावयाला पाणी झालं का, असंच चालायचं. मॅडम आल्या की आम्ही गप्प व्हायचो. त्यांना वाटायचं, घरच्या गोष्टी चालल्यात.

आणि अशा ठिकाणी माझी जाऊबाई! तिला शेतावर सगळे चिमटा म्हणतात. कारण तिच्या बोटांच्या चिमटीत आलेलं तण मुळासकट वर येतं, मध्ये तुटत नाही. इतरांना खुरपं लागतं, हिला दोन बोटं पुरतात. चांगली गोष्ट आहे, पण तो चिमटा कधी मिटतच नाही, ही पंचाईत. हिला जास्तीचं काही दिसलं की हात शिवशिवतात. माझ्या डोक्यातला पांढरा केस, भावोजींच्या शर्टाचा लोंबणारा दोरा, बसथांब्याच्या फरशीतून उगवलेली काडी. भावोजींच्या पाठीचे फोटो काढायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा आमचा नंबर येईपर्यंत हिनं बाहेरचा फुलांचा ताटवा निम्मा साफ केला. तिथल्या वॉचमननं हिला नवी माळीण समजून झारी आणून दिली. आणि हिनं ती घेतली!

त्या दिवशी काय झालं, ते तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी शेडमध्ये पिशव्यांना दोरे बांधत होते, ती बाहेर खुंट्या नीट करत होती. थोरल्या जावयाच्या कडेला एक खुंटी वाकली होती. ती ठोकायला ही खाली बसली आणि डोक्यात भावोजी आले. डॉक्टरांनी फोटो पाहून नुसतं "हं" म्हटलं होतं. त्या "हं"चा अर्थ काय, यात ही गुंतली. खुंटी एका हातात तशीच आणि दुसरा हात आपलं काम करत राहिला. भानावर आली तेव्हा ताटाएवढी जागा लख्ख झाली होती.

"कुठली जागा?" मी विचारलं.

"दोरीतली," ती म्हणाली.

मोजणीसाठी मॅडम प्रत्येक वाफ्यात चौकोन आखून ठेवतात, चार काड्या आणि त्यांना दोरी. त्या चौकोनातलं तण मोजायचं, कापायचं, वाळवायचं, तोलायचं. बाकी वाफ्यात कितीही असो, हिशेब त्या चौकोनाचा. एवढं मोठं शेत पडलेलं असताना हिचा हात बरोबर तिथंच गेला. आणि मोजणी तोंडावर आली होती. औषधवाल्या कंपनीचे पाहुणेसुद्धा यायचे होते.

भीती ओरडा खायची नव्हती. मॅडम ओरडत नाहीत. हंगाम संपला की आम्ही सगळ्या घरी, आणि पुढचा हंगाम आला की मॅडमचा फोन. फोन आला तर काम आहे. ज्या बाईचा फोन येत नाही तिला कुणी का ते सांगत नाही. आमच्यात एक होती, काम करताना सारखी गाणी म्हणायची. तिनं एकदा पिशव्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. पुढच्या वर्षी तिचा फोन वाजला नाही. बाजारात भेटली तेव्हा तिनं विचारलं, "सुरू झालं का गं शेत?" आम्ही दोघी म्हणालो, "अजून कुठलं!" आमच्या बुटांना शेताची ओली माती होती. तिनं ती पाहिली आणि भाजी निवडायला लागली. जाऊबाईला ती बाई अजून स्वप्नात येते.

आणि आता घर जाऊबाईच्या हंगामावर उभं होतं. भावोजी पुन्हा कधी हमालीला ट्रकवर चढतील की नाही, ते त्या "हं"मध्ये अडकलेलं. शिवाय दुसरंही एक होतं, जे ती कधी बोलली नसती. आयुष्यात कुणी तिला कशात हुशार म्हटलं असेल तर ते त्या शेतावर. तिथं नव्या बायकांना मॅडम सांगायच्या, "चिमटाबाईंचा हात बघा." घरी आम्ही काय, "पुरे कर गं ते उपटणं" म्हणूनच तिला ओळखणार.

"टाकलंस कुठे ते उपटलेलं?" मी विचारलं.

तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात सगळी रोपटी नीट ओळीनं निजवलेली, मुळं एका बाजूला, शेंडे दुसऱ्या बाजूला.

मी तिला घरात ताई म्हणते. म्हटलं, "ताई, तू आता हे परत लावणार आहेस?"

"मग काय करू?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. जिनं जन्मभर तण उपटलं, ती आता तण लावायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या आधी शेतावर पोचलो. मी बांधावर उभी राहून राखण करत होते, ती जावयाच्या कडेला बसून काडीनं भोकं पाडत होती. माझे डोळे फाटकाकडे आणि कान तिच्याकडे. ती पुटपुटत होती, "तू इथला, तू त्याच्या शेजारचा, नीट बस रे बाबा." एकेका रोपट्याच्या मुळाशी माती दाबत होती. पिण्याच्या बाटलीतलं पाणी झाकणानं घालत होती. एवढ्या मायेनं तिनं मला लग्नात मिळालेलं कुंडीतलं रोपही सांभाळलं नव्हतं.

मॅडमची गाडी फाटकातून वळलेली मला दिसली आणि मी खोकले. ठरल्यापेक्षा जरा जास्तच जोरात खोकले असेन. जाऊबाई दचकून उठली. शेवटचं एक रोपटं तिच्या हातातच राहिलं. ते तिनं कोटाच्या खिशात कोंबलं आणि ती खुंट्यांकडे बघत असल्यासारखी उभी राहिली.

"लवकर आलात आज?" मॅडम म्हणाल्या.

"हो, झोप नाही आली," जाऊबाई म्हणाली. ते खरंच होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. लावलेल्यांतली काही रोपटी दुपारच्या उन्हात माना टाकायची, काही संध्याकाळी पुन्हा वर बघायची. जाऊबाईचा जीवही त्यांच्याबरोबर वरखाली व्हायचा. जाता-येता ती बाटलीचं पाणी तिथं सांडायची आणि स्वतः दिवसभर कोरडी राहायची. घरी आली की जेवणाच्या ताटात नुसती बोटं फिरवत बसायची. भावोजी म्हणाले, "अगं, गवतासाठी कुणी एवढं करतं का?" तेव्हा तिनं ताटच बाजूला सरकवलं.

मी तिला एकच सांगत होते, तोंडाला कुलूप लाव. कुणी पाहिलं नाही, कुणाला कळणार नाही.

"पण ते औषध?" ती म्हणायची. "जावयात तणच कमी दिसलं, तर औषधानं काय मोठं केलं असं होईल ना? माझ्यामुळे ते नापास झालं तर?"

"औषध काय तुझ्या माहेरचं आहे?"

"ते नापास व्हायचं तर आपल्या गुणानं होऊ दे. माझ्यामुळे का?"

मी चिडून म्हटलं, "आधी स्वतः पास हो, मग औषधाचं बघ."  पण तिला ते पटलं नव्हतं हे मला कळत होतं. भांडी घासताना ती एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती.

मोजणीचा दिवस आला. कंपनीचे पाहुणे कोरे बूट घालून आले होते. फाटकापाशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवूनच आत यायचं असतं, तर ते कडेकडेनं तिथंच घुटमळत होते. आम्ही बायका पिशव्या आणि कात्र्या घेऊन मागे उभ्या. मॅडम एकेका वाफ्यात गुडघ्यावर बसायच्या, मोजायच्या, आकडा सांगायच्या. थोरल्या जावयापाशी आल्या आणि वाकल्या. वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या.

"हे असं का झालंय?" त्या म्हणाल्या. त्यांनी एक मरगळलेलं रोपटं बोटानं हलवलं. "या चौकोनातलंच तेवढं सुकल्यासारखं दिसतंय. बाकी वाफा तर माजलाय."

जाऊबाईनं माझं मनगट धरलं. 

मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी फवारणीवाल्याला हाक मारली. तो टाकीपाशी उभा होता. पाठीला पंप लावून फिरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. "वारं असताना फवारलंत का तुम्ही? शेजारच्या वाफ्याचं औषध इथं उडालंय असं वाटतंय."

"नाही मॅडम. वारं असलं की मी थांबतो," तो म्हणाला.

"मग हे काय आहे?"

 तो नुसता टोपी हातात घेऊन उभा राहिला. पाहुण्यांपैकी एकानं दुसऱ्याकडे बघितलं. मॅडमचा चेहरा बदलला. या माणसाचा पुढच्या वर्षीचा फोन गेला, असं मला स्पष्ट दिसलं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण मला सुटल्यासारखंच वाटलं. तेवढ्यात माझं मनगट मोकळं झालं.

"मॅडम, त्यानं नाही," जाऊबाई पुढे होऊन म्हणाली. "जावयाला मी हात लावला."

 पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"कुणाच्या जावयाला?" मॅडमनी विचारलं.

जाऊबाईला पुढे बोलता येईना.  मग मलाच तोंड उघडावं लागलं. पाहुण्यांसमोर उभी राहून मी सांगितलं की हा वाफा म्हणजे जावई, हात लावायचा नाही म्हणून जावई, आणि हिनं चुकून त्याचं तण उपटलं, नि मग परत लावलं. मागून एक बाई फिसकन हसली आणि लगेच खोकली. पाहुणा म्हणाला, "परत लावलं?" आणि त्यानं वाकून त्या रोपट्यांकडे पाहिलं. त्यांच्या मुळाशी जाऊबाईच्या बोटांनी दाबलेली माती दिसत होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खिशातून लाल फीत काढली, त्या वाफ्याच्या खुंटीला बांधली, आणि हा वाफा मोजायचा नाही, औषध न घातलेल्या बाकी तीन वाफ्यांवर काम होईल, असं पाहुण्यांना सांगितलं. मग फवारणीवाल्याला म्हणाल्या, "तुम्ही जा, कामाला लागा." आणि जाऊबाईला म्हणाल्या, "तुम्ही शेडमध्ये बसा."

एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हंगाम संपेपर्यंत जाऊबाई शेडमध्येच होती, दोरे कापत, पिशव्या उलट्या करून झटकत. वाफ्यांकडे तिला कुणी पाठवलं नाही. फवारणीवाला जाता-येता शेडच्या दारात थांबायचा, काहीतरी म्हणावंसं वाटायचं त्याला, पण नुसता मान हलवून पुढे जायचा. शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना "भेटू पुढच्या हंगामाला" म्हटलं. ते सगळ्यांना मिळून होतं की एकेकीला, यावर आम्ही घरी येईपर्यंत वाद घातला. मी म्हणत होते, तिच्याकडे बघूनच म्हटलं. ती म्हणत होती, तिच्या मागच्या भिंतीकडे बघून म्हटलं.

मग ते बिनकामाचे महिने. डॉक्टरांचा "हं" शेवटी उलगडला. ट्रकवर चढायचं नाही, बसून करायचं काम बघा, असा त्याचा अर्थ होता. जाऊबाईनं ते ऐकून नुसतं "बरं" म्हटलं. पण त्या दिवसापासून फोन तिच्या हातातून सुटेना. न्हाणीघरात जाताना तो माझ्याकडे सोपवायची आणि आतून विचारायची, "वाजला का गं?" मोबाइल कंपनीची जाहिरात आली तरी तिचा रंग उडायचा. मी तिला खूप बोलले. गप्प बसली असतीस तर आज ही वेळ आली नसती, असंही बोलले. त्यावर ती म्हणाली, "मग त्या पंपवाल्यावर आली असती." त्यावर मी आणखी चिडले.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या दिवसांत एक डबा आला होता, तेलाचा, वरून कापलेला. त्यात हिरवं काहीतरी वाढत होतं. मला वाटलं कोथिंबीर असेल. नंतर पानं ओळखीची वाटली. कोटाच्या खिशात राहिलेलं ते शेवटचं रोपटं. खिशात मेलं नव्हतं, तिनं आणून लावलं होतं. ती रोज सकाळी चहाआधी त्याला पाणी घालायची आणि मग फोनकडे बघायची.  मनात म्हटलं, हे वाळलं तर हिचं काय होईल?

मग एका सकाळी माझा फोन वाजला. मॅडमचा होता, सोमवारपासून या. मी "हो, हो" म्हणत बाहेर पायरीवर गेले, आवाज खाली आणून बोलले. परत आत आले तर जाऊबाई पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मॅडमचा ना?" ती म्हणाली.

"हो."

"छान झालं," ती म्हणाली, आणि पीठ मळत राहिली. मला ते बाजारातले ओले बूट आठवले. तिनं भाजी निवडणाऱ्या त्या बाईसारखीच मान खाली घातली होती. मी काहीतरी करायचं म्हणून गॅस बंद केला, पुन्हा लावला. सबंध दिवस गेला. दुपारी आमच्याबरोबरच्या आणखी दोघींचे फोन येऊन गेल्याचं कळलं. भावोजी एकदा म्हणाले, "लागत नसेल गं रेंज." त्यांनासुद्धा आता सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पीठ मळत असतानाच फोन वाजला. तिचा. तिचे हात कोपरापर्यंत पिठात. "घे, घे, घे!" ती ओरडली. मी बटण दाबून मोठ्या आवाजावर टाकला.

"चिमटाबाई, सोमवारपासून या," मॅडमचा आवाज आला. "पण आधीच सांगते, वाफ्यात उतरायचं नाही. मला यंदा तुमचे हात नकोत."

जाऊबाईचा चेहरा पडला. "मग मॅडम?"

"तोंड हवंय. यंदा जावई पुष्कळ आहेत. रोज सकाळी बांधावरून सगळे बघायचे आणि कुणी हात लावला असेल तर मला येऊन सांगायचं. मग तो कुणीही असो. मीसुद्धा."

मॅडमच्या तोंडून "जावई" ऐकून मी हसत सुटले. जाऊबाई हसली नाही. तिनं पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले आणि हमसून हमसून रडली. फोनमधून मॅडम "ऐकू येतंय का?" असं विचारत राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, "येते म्हणते ती, मॅडम. हात मागे बांधून येते."

फोन ठेवला. मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं. जिवात जीव आला होता. आवराआवर करताना माझं लक्ष खिडकीतल्या त्या डब्याकडे गेलं. तण चांगलं हातभर वाढलं होतं, पडद्यात घुसत होतं. त्याचं काम आता झालं होतं. मी ते उपटायला हात पुढे केला.

"ए!" जाऊबाई मागून ओरडली. "हात लावू नकोस त्याला. जावई आहे तो."